तळाच्या पोत्यातला तांदूळ

गोपाळकृष्ण पिंपळापुरे यांनी आयुष्यात एकही पोतं वरून पाहून पास केलं नाही. सरकारी धान-तांदूळ खरेदीत गुणवत्ता निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी बालाघाट जिल्ह्यातल्या लामता, लांजी आणि कटंगी या त्रिकोणात गेली, आणि त्या सगळ्या काळात त्यांच्या हातात एकच शस्त्र होतं. परखी. परखी म्हणजे हातभर लांबीची, पोकळ, टोकाला अणकुचीदार लोखंडी नळी. पोत्याच्या पोटात खुपसली की आतला तांदूळ घरंगळत बाहेर येतो आणि राईस मिलच्या मालकाचा चेहरा उतरतो. इतर निरीक्षक थप्पीच्या वरच्या पोत्यात परखी खुपसत आणि चहा घेत. पिंपळापुरे थप्पीच्या मागे जात, वाकत, सगळ्यात खालच्या पोत्यात खुपसत. चहा घेत नसत, कारण चहातही काहीतरी असू शकतं.

निवृत्त झाले तेव्हा खात्यानं शाल दिली. ती त्यांनी आधी उलटी करून पाहिली. परखी त्यांची स्वतःची होती, कारण खात्याच्या परखीवर त्यांचा विश्वास नव्हता. लोकांच्या घरी जिथं देवाचं कॅलेंडर असतं, तिथं पिंपळापुऱ्यांच्या बैठकीत खिळ्याला परखी टांगलेली होती. ती खिळ्यावर होती एवढंच. तिचं काम चालूच होतं. दूधवाला, गॅसवाला, मुलाच्या लग्नाचं स्थळ, सगळ्यांच्या तळाशी ती रोज जाऊन येत होती.

अशा घरात धाकट्या लेकीनं, श्रियानं, एके दिवशी जाहीर केलं, की तिला हॉलंडच्या एका विद्यापीठात एल.एल.एम.ला प्रवेश मिळाला आहे. विषय : आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा. शिवाय शिष्यवृत्ती.

"म्हंजे फुकट?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"हौ बाबा. पूरी फीस माफ."

"तुले काहून देऊन राह्यले ते?"

"मेरिटवर."

"अन् हॉलंडात बसून त्याहिले तुहं मेरिट दिसलं? इथं शेजारच्या बुढीच्या चौकातून आपलं घर दिसत नाही."

मग त्यांनी विषयाची चौकशी केली. श्रियानं उत्साहानं समजावलं. समजा, माल विकणारा एका देशातला, घेणारा दुसऱ्या देशातला. भांडण झालं तर दोघं मिळून पंच नेमतात. पंच बसतात तिसऱ्या देशात. आणि कायदा लागतो चौथ्याच देशाचा.

गोपाळकृष्णांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अन् चोर कोणत्या देशातला पकडाचा?"

"चोर नसतो बाबा. दोन पक्ष असतात."

बारा गावचं पाणी प्यालेल्या गोपाळकृष्णांनी अनेक संशयास्पद गोष्टी ऐकल्या होत्या. पण ज्या धंद्यात माल आहे, भांडण आहे आणि चोरच नाही, असा धंदा त्यांनी ऐकला नव्हता.

शेवटी तह झाला. पहिलं सत्र ऑनलाइन होतं, ते श्रियानं घरी बसून करायचं. दुसऱ्या सत्राला फेब्रुवारीत हॉलंडला जावं लागणार होतं. "पहिलं सत्र माह्या डोळ्यासमोर होऊन जाऊ दे," गोपाळकृष्ण म्हणाले. "मी तपासतो. माल खरा निघाला तर जा. नाही निघाला तर आपलं जिल्हा कोर्ट काय वाईट आहे? चालत जाता येते." श्रियानं मान डोलावली. दुसरा उपाय नव्हता. पासपोर्ट बाबांच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली बाबांच्या जानव्याला.

डिसेंबर लागला. श्रियानं जेवताना सांगितलं, की आता तोंडी सराव आहे. सरांनी एक काल्पनिक खटला लिहून दिला आहे. वेरमोरा नावाच्या देशातल्या राईस मिलनं काल्दोनी नावाच्या देशातल्या व्यापाऱ्याला जहाजानं तांदूळ पाठवला, तो पोचला तेव्हा खराब निघाला. देश खोटे, मिल खोटी, तांदूळ खोटा. वकिली करायची ती तेवढी खरी.

गोपाळकृष्णांनी जेवण झाल्यावर मुलाच्या शाळेतला जुना नकाशा काढला. वेरमोरा नव्हता. काल्दोनी नव्हता. म्हणजे मुलगी खरं बोलत होती. त्यांना तेवढ्यानं समाधान झालं नाही. खरं बोलणारे गिरणीमालक त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

सोमवारी ते ओसरीवर उन्हात पेपर घेऊन बसले. खिडकी जराशी उघडी होती. ती त्यांनीच जराशी उघडली होती. आत श्रिया लॅपटॉपसमोर काळा कोट घालून बसली होती, खाली घरातलीच सलवार. तिचं इंग्रजी सुरू झालं. गोपाळकृष्णांचं इंग्रजी तांदळापुरतं होतं, पण तांदळापुरतं पक्कं होतं. ओल, कणी, कीड, डाग, हे शब्द ते कोणत्याही वेगात पकडू शकत. श्रिया ठणकावून सांगत होती, की मिलमधून निघाला तेव्हा तांदूळ उत्तम होता. कोरडा होता. पाणी लागलं ते जहाजावर. मिलवाला धुतल्या तांदळासारखा.

गोपाळकृष्णांनी पेपर खाली ठेवला. आजवर हे वाक्य त्यांना फक्त मिलवाल्यांनी ऐकवलं होतं. आता त्यांच्या पोटची पोरगी ऐकवत होती.

गुरुवारी पुन्हा तोच कोट, तीच खिडकी. श्रिया ठणकावून सांगत होती, की तांदूळ मिलमध्येच सडलेला होता. दोन नंबरच्या गोदामात, मागच्या भिंतीलगत, थप्पीच्या तळाच्या पोत्यांना पाणी लागलेलं होतं, आणि वरचा चांगला माल दाखवून सगळा खपवला.

दुपारी ताटावर बसल्याबसल्या त्यांनी सुरुवात केली.

"श्रिया, तो तांदूळ कसा होता?"

"कोणता?"

"वेरमोऱ्याचा."

"सोमवारी चांगला होता. आज खराब होता."

"तांदूळ एकच नं?"

"एकच. सर बाजू बदलवतात बाबा. दोन्हीकडून बोलता आलं पाहिजे नं."

गोपाळकृष्णांनी भाताचा घास हातातच धरून ठेवला. "आमच्या खात्यात एक होता. एकच माल सकाळी पास करे, संध्याकाळी फेल करे. त्याले सस्पेंड केलं."

"मग?"

"मग प्रमोशन भेटलं."

"पाहा!" श्रिया म्हणाली.

"जेवा आधी," त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई म्हणाल्या. "वेरमोऱ्याचा कसाही असो, ताटातला थंडा होऊन राह्यला."

पण गोपाळकृष्णांचं चित्त ताटात नव्हतं. त्यांना एकच गोष्ट कुरतडत होती, ती म्हणजे तपशील. खोटी प्रकरणं त्यांनी हयातभर पाहिली होती आणि त्यात कधीही तपशील नसतो. खोटं लिहिणारा माणूस आळशी असतो. दोन नंबरचं गोदाम, मागची भिंत, तळाची पोती, एवढं बारीक कोण लिहितं? ज्यानं पाहिलं आहे तो. आणि दोन नंबरच्या गोदामाची मागची भिंत झिरपते, अशी मिल साऱ्या जिल्ह्यात त्यांना एकच माहीत होती. कटंगीच्या टिकारामची. त्या भिंतीबद्दल त्यांनी नोकरीत असताना किती शेरे मारले होते, ते त्या भिंतीलाच ठाऊक.

जेवणानंतर प्रेमलताबाई तूर निवडायला बसल्या, तेव्हा त्यांनी शेजारी बैठक मारून हळू आवाजात उलगडा केला.

"वेरमोरा म्हंजे कटंगी. अन् काल्दोनी म्हंजे वारासिवनी. ओळखू येऊ नये म्हणून अक्षरं उलटी लावली."

"अन् हॉलंड म्हंजे?"

"ते अजून निघालं नाही. पण टिकारामचा माल खराब आहे, अन् त्यानं पोरीले दोन्हीकडून बांधून ठेवलं आहे. दिवाळीले त्याच्या मिलचा चिन्नोर आपल्या घरी आला का नाही? निवृत्त माणसाले कोणी तांदूळ पाठवते का?"

"पाठवला नाही. मी आणला विकत."

"टिकारामनं विकत दिला? मले जन्मात नाही दिला त्यानं!"

"तुमच्या धाकानं कोणी दाखवतही नव्हता. आता नोकरी नाही, तर मिळून राह्यला." प्रेमलताबाईंनी एक खडा बाजूला टाकला. "पोरीले विचारा नं सरळ."

"सरळ विचारलं की वरचं पोतं दिसते," गोपाळकृष्ण म्हणाले, आणि उठले.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत जातो म्हणून निघाले आणि कटंगीच्या बसमध्ये बसले. काखेत छत्री होती. थंडीत छत्री कशाला, असं शेजारच्या प्रवाशानं विचारलं. गोपाळकृष्णांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो वारासिवनीला उतरून दुसऱ्या बसनं गेला. छत्रीच्या अभ्र्यात परखी होती.

टिकारामच्या मिलच्या फाटकात धानाचे ट्रॅक्टर लागले होते. फाटक सताड उघडं होतं. तरी चौकीदारानं नमस्कार करून विचारलं, "साहेब, आप?"

"वरून आदेश आहे," गोपाळकृष्ण म्हणाले. वरून म्हणजे कुठून, हे त्यांनी सांगितलं नाही. चौकीदारानं ते कधीच विचारलं नव्हतं.

टिकाराम धावत आला. जाडजूड, घामट, मायाळू माणूस. "अरे साहेब! या या. कुर्सी आण रे! चाय सांग! मठ्ठी सांग!" गोपाळकृष्ण खुर्चीला आणि खुसखुशीत मठ्ठीच्या बशीला वळसा घालून थेट दोन नंबरच्या गोदामात गेले. मागच्या भिंतीपाशी थांबले. मागून टिकाराम आला, आणि जुन्या सवयीनं त्यानं स्वतःच वाकून ताडपत्री उचलून धरली. गोपाळकृष्ण खाली बसले. त्यांनी परखी काढली आणि अगदी तळाच्या पोत्यात खुपसली.

तांदूळ हातावर आला. कोरडा. पांढरा. वासाचा. त्यांनी शेजारचं पोतं पाहिलं, मग त्याच्या शेजारचं. तोच तांदूळ. त्यांनी भिंतीला तळवा लावला. भिंत खडखडीत होती. टिकारामनं मागच्याच उन्हाळ्यात तिला सिमेंट लावलं होतं.

माल चांगला निघाला की गोपाळकृष्णांना नेहमी थोडं पोरकं वाटायचं. ते उठले, परखी अभ्र्यात घातली आणि परतीच्या बसला लागले.

गोष्ट इथं संपली असती. पण ती पोती सीलबंद होती. तपासून, पास होऊन, खात्याच्या गाडीची वाट पाहत होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, गाडी आली, आणि गाडीसोबत नवीन निरीक्षक मंजुषा मेश्राम आली. ती थप्पीच्या मागे गेली, वाकली, आणि तिला तळाच्या पोत्यांना भोकं दिसली. सीलबंद पोत्याला भोक म्हणजे आतला माल बदललेला. तिनं सगळा लॉट तिथंच थांबवला. थप्पीच्या मागे जाऊन वाकायचं असतं, हे तिला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं ते पिंपळापुरे साहेबांनीच.

टिकाराम रविवारी बालाघाटला पिंपळापुऱ्यांच्या घरी आला. एकटा नाही, वारासिवनीच्या भैयालालजींना घेऊन आला. भैयालालजी जिल्ह्यातले सगळ्यात जुने मिलवाले. मिलवाल्यांत आणि खात्यात काही वाजलं, तर पोलिसाआधी त्यांच्यासमोर ओसरीवर बैठक बसायची आणि ते म्हणतील ते दोन्हीकडून मानलं जायचं, ही या भागातली रीत. आज टिकारामचं म्हणणं एवढंच होतं, की पिंपळापुरे साहेबांनी मिलवाल्यांच्या सभेत उभं राहून माफी मागावी. नाही तर तो ठाण्यात जाईल. खोटा आदेश सांगून आत घुसले, म्हणून.

साऱ्या जन्मात ज्याच्या मालात कोणाला खडा सापडला नाही, त्याला आता सभेत उभं राहायचं होतं. गोपाळकृष्ण आतल्या खोलीत पलंगावर बसून राहिले. श्रिया आत आली आणि तिनं दार लोटलं.

"बाबा, आदेश होता का?"

"नव्हता."

"चौकीदाराले सांगतलं का, आहे म्हणून?"

"सांगतलं."

"काहून गेलते तुम्ही?"

गोपाळकृष्णांनी भिंतीकडे पाहत सांगितलं. वेरमोरा, वारासिवनी, झिरपणारी भिंत, दिवाळीचा चिन्नोर. श्रियाला हसू आलं नाही, किंवा तिनं ते येऊ दिलं नाही. पुढच्या धंद्यात दोन्ही गुण उपयोगी पडणार होते.

"ताडपत्री कोणी उचलली?"

"टिकारामनं. पण बेटा, चूक माही आहे."

"मले माहीत आहे. ते आपण बोलाचं नाही." आणि ती बाहेर गेली. जाता जाता तिनं काळा कोट घातला.

ओसरीवर चहा झाला होता. श्रियानं आधी भैयालालजींच्या पाया पडून घेतलं, मग टिकारामच्या.

"काका, बाबा नोकरीत असताना किती वेळा आले असतील तुमच्याकडे?"

"त्याची काही गिनती हाय का बेटा?"

"कधी आदेशाचा कागद मागितला तुम्ही?"

"साहेबाले कागद मागाची हिंमत कोणाची!"

"म्हणजे बाबा येतील, बिनकागदाचे तळाशी जातील, अन् तुम्ही ताडपत्री उचलाल, हा तुमच्या दोघांचा रिवाज होता. या वेळी ताडपत्री कोणी उचलली?"

टिकाराम घुटमळला. "मीच. सवय हाय नं."

"बाबा निवृत्त झाले, हे माहीत होतं?"

"निरोपाची शाल मीच तर पांघरवली."

"म्हणजे अधिकार नाही हे माहीत असून तुम्ही उचलली. रिवाज मोडायचा होता, तर तुम्ही सांगायले पाहिजे होतं. सांगितलं?"

"नाही. मठ्ठी सांगतली."

भैयालालजींनी घसा खाकरला. "पन बेटी, चौकीदारले आदेश हाय म्हणून झूठ बोलले, त्याचं काय?"

"फाटक बंद होतं का काका?"

"धानाच्या सीझनमध्ये फाटक कोण बंद करते?"

"म्हणजे बाबा काहीही म्हणाले असते, तरी आत आलेच असते. त्या बोलण्यानं तुमचं काही बदललं नाही. ज्यानं काही बदललं नाही, त्याची भरपाई कशी मागायची?" तिनं जरा थांबून आवाज खाली आणला. "अन् भोकं तुमच्या डोळ्यांसमोर पडली. त्याच दिवशी तुम्ही नवीन पोती लावू शकत होते. गाडी येईपर्यंत थांबले. माल ज्याच्या ताब्यात, त्यानं तक्रार वेळेवर करायची असते."

भैयालालजी टिकारामकडे बघू लागले. टिकाराम स्वतःकडे बघू लागला. आपण घरून निघालो तेव्हा फिर्यादी होतो, हे त्याला अंधुक आठवत होतं.

"बात तो सही है," भैयालालजी म्हणाले. "टिकाराम, गलती तुहीच दिसून राह्यली."

"हौ भाऊ," टिकाराम म्हणाला. तो उठला, दाराशी आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, माफ करा. माह्यामुळे तुमाले लय तरास झाला."

गोपाळकृष्ण आतल्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आदेश नव्हता, भोकं त्यांनी पाडली होती, लॉट त्यांच्यापायी अडला होता, आणि ज्याचा अडला तोच समोर हात जोडून उभा होता. त्यांना वाटलं, ही पोरगी अजून थोडा वेळ बोलली असती, तर टिकारामनं भोकंही आपणच पाडली म्हणून कबूल केलं असतं.

"झालं," श्रिया म्हणाली. "आता उद्या बाबा कटंगीले येतील अन् मंजुषाताईंना सांगतील, की भोकं मी पाडली. लॉट सुटून जाईल."

गोपाळकृष्ण पुढे आले. "काहून? आपण जिंकलो नं?"

"म्हणूनच. हरल्यावर सांगतलं तर ती कबुली होते बाबा. जिंकल्यावर सांगतलं तर ती मेहेरबानी होते."

भैयालालजींनी राहिलेला चहा बशीत ओतला आणि बराच वेळ त्यात पाहत राहिले.

सोमवारी गोपाळकृष्ण गेले. छत्री नेली नाही. मंजुषानं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, सगळं लेखी घेतलं, आणि तरीही प्रत्येक पोतं पुन्हा तळापासून तपासलं. तेवढाच काय तो त्यांना त्या आठवड्यात आनंद झाला. लॉट सुटला.

पण मुलीचा माल तपासायचा राहिला होता. त्या संध्याकाळी त्यांनी तिला ओसरीवर बोलावलं.

"टिकाराम तुह्याकडे आधी आला असता, तर?"

"तर मी त्यांच्याकडून बोलली असती."

"अन् कोण जिंकलं असतं?"

श्रियानं थोडा विचार केला. बापाला खोटं सांगायचं नाही, असं तिनं बहुधा ठरवलं असावं. "टिकाराम काका. त्यांची बाजू तुमच्याहून मजबूत होती."

"मंग माह्या बाजूनं काहून बोलली?"

"तुम्ही आधी भेटले."

गोपाळकृष्णांनी हे उत्तर हातावर घेतलं, फुंकर मारली, फिरवून पाहिलं. वर होतं तेच खाली होतं. कुठं ओल नव्हती, कणी नव्हती. त्यांना ते बरं वाटलं नाही, पण फेल करायला काही सापडेना. शिवाय त्यांनी असाही विचार केला, की जी मुलगी चुकलेल्या माणसासमोर बरोबर माणसाला हात जोडायला लावते, ती जिल्ह्यात ठेवणं जिल्ह्याच्या हिताचं नाही. असा माल निर्यात झालेलाच बरा.

त्यांनी सदऱ्यात हात घालून जानव्याची किल्ली सोडवली. "जा. पण एक अट आहे. परत आल्यावर माह्या विरुद्ध कोणाचं वकीलपत्र घ्याचं नाही. लिहून दे."

"देते नं." श्रियानं लगेच कागद ओढला. "कोणत्या देशाच्या कायद्यानं?"

"देश कायचा? बालाघाटच्या."

"भांडण झालं तर बैठक कुठं?"

"ह्याच ओसरीवर."

"अन् पंच कोण?"

गोपाळकृष्ण विचारात पडले. भैयालालजींवर आता त्यांचा भरवसा उरला नव्हता. टिकारामवर कधीच नव्हता. मुलगा आईच्या बाजूनं जाई, शेजारी कोणाच्याही. ते एकेक माणूस मनातल्या मनात तळापर्यंत तपासू लागले, आणि एकेक बाजूला पडू लागला.

"मी," आतून प्रेमलताबाईंचा आवाज आला. "अन् निकाल आत्ताच देऊन राह्यली. दोघंही चुकले. पानं वाढली आहेत, या."

श्रियानं खाली सही केली. गोपाळकृष्णांनी कागद घेतला, उजेडात धरला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि मग खिशात घातला.